लोकसेवा आणि निरोपाची नवी साधने

पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या हमरस्त्यावर नारायणगाव लागते, आणि नारायणगावाला अगदी लागून वारूळवाडी हे गाव आहे. जुन्नर तालुक्याचा हा भाग बागाइती. मीना नदीचे पाणी, कुकडी प्रकल्पाचे कालवे आणि त्यांच्या जोरावर पिकणारी द्राक्षे, टोमॅटो, कांदा व ऊस यांमुळे येथे लक्ष्मीचा वावर बरा आहे. वाटसरूला यापलीकडे काही विशेष दिसावयाचे नाही. परंतु निरोप धाडण्याच्या व ऐकण्याच्या विद्येत या टापूचे स्थान असाधारण आहे, ही गोष्ट पुण्यामुंबईच्या फार थोड्या मंडळींना ठाऊक असेल. जवळच आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाच्या द्वारे परदेशांशी बोलणारे भू-केंद्र उभे राहिले; विक्रम साराभाई यांचे नाव त्यास मिळाले. तेथून सातासमुद्रांपलीकडे शब्द जाऊ लागला. दुसऱ्या बाजूस खोडद येथे आणि त्याच्या भोवताली पंचवीसएक किलोमीटरांच्या पसाऱ्यात, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप व त्यांचे सहकारी यांनी उभारली. ही दुर्बीण बोलत नाही. ती केवळ ऐकते. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या अतिक्षीण रेडिओलहरी ती टिपते, आणि तिला ती कुजबुज ऐकू यावी म्हणून आसमंतातील मानवी गलबल्यावर काही बंधनेही घालावी लागली आहेत.

याच सह्याद्रीच्या आसऱ्याला, शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, पावसाची झड लागलेली असताना, डोंगराचा उतार खचून गावावर आला आणि १५१ माणसे चिखलामातीखाली गेली. ही वार्ता बाहेर कशी आली? उपग्रहाने आणली नाही. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. गाडीच्या चालकाला गाव होते त्या जागी गाव दिसेना. त्याने जाऊन सांगितले, तेव्हा सरकारी यंत्रणा हलली. एक माणूस ठरल्या वेळी ठरल्या वाटेने येत होता, एवढ्यानेच त्या दिवशी जगाला माळीणची खबर लागली.

यात दोष कोणाचा, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. प्रस्तुत आहे ती एक साधी गोष्ट. साधन कितीही सामर्थ्यवान असो, त्याच्या एका टोकाला सांगणारा आणि दुसऱ्या टोकाला ऐकून उठणारा माणूस नसेल, तर ते साधन निरोपाच्या कामी येत नाही. व्यापाऱ्याचे यावाचून काही काळ चालते, कारण त्याचा माल त्याच्या वतीने बोलतो. सरकारचेही चालते, कारण त्याच्या हाती दंड असतो. परंतु लोकसेवेसाठी स्थापन झालेल्या संस्थेजवळ माल नाही आणि दंडही नाही. तिच्याजवळ आहे तो केवळ शब्द, आणि तो खरा मानला जाईल अशी पत. ती पत हल्लीच्या द्रुतगती साधनांनी वाढते की घटते, हा या भाषणाचा विषय.

पूर्वीच्या संस्थांची रीत आठवून पाहावी. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला व पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. माळावरून पुण्यापर्यंत पायी येणे आणि वर्गणीसाठी दारोदार हिंडणे हा त्यांचा नित्यक्रम होता. वर्गणी देणाऱ्याने कर्व्यांना पाहिलेले असे. त्यांच्या पायांतील धूळ पाहिलेली असे. संस्थेची जाहिरात म्हणतात ती एवढीच. आज तसे काम करणाऱ्या माणसाच्या खिशात मोबाइल असतो आणि तो बसल्या जागेवरून हजार घरांत एका क्षणात शिरतो. घरांत शिरणे सोपे झाले, एवढे खरे.

नव्या साधनांची निंदा करण्याची एक चाल सुशिक्षित घरांत पडली आहे. ती निंदा बहुधा त्याच साधनांवरून केली जाते, हा त्यातला गमतीचा भाग. वारूळवाडीच्या परिसरातील शेतकऱ्याला ही निंदा पटावयाची नाही. नारायणगावच्या ग्रामोन्नती मंडळाचे कृषि विज्ञान केंद्र या टापूत आहे. टोमॅटोच्या पानावर डाग दिसला की त्याचे छायाचित्र तज्ज्ञाकडे धाडावे आणि औषधाची चौकशी करावी, हा प्रकार आता शेतकऱ्याच्या अंगवळणी पडला आहे. ज्या सल्ल्यासाठी पूर्वी तालुक्याला खेप घालावी लागे आणि खेप घालीपर्यंत रोग शेतभर पसरे, तो सल्ला त्याला बांधावर मिळतो. येथे साधन उपकारक ठरते, याचे कारण उघड आहे. विचारणारा शेतकरी आहे, सांगणारा ओळखीचा आहे, आणि औषध लागू पडले की नाही हे आठ दिवसांत दोघांनाही कळते.

परंतु सगळेच निरोप टोमॅटोच्या पानाइतके सोपे नसतात. जुन्नरात एक प्रश्न असा आहे की त्याने संस्थांच्या बोलण्याची खरी कसोटी घेतली आहे. तो प्रश्न बिबट्याचा.

कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, कालवे वाहू लागले, आणि जिराईत माळांवर ऊस उभा राहिला. उसाचे शेत वर्षभर दाट व थंड असते. बिबट्याला लपावयास याहून चांगली जागा नाही. खावयास गावची कुत्री व शेळ्या आहेत. मादी उसातच पिले घालू लागली. वस्त्या शेतांत आणि बिबटेही शेतांत, असा हा शेजार जडला. २००१ नंतर हल्ले वाढले तेव्हा बिबटे पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याचा क्रम जोराने चालला. तो उपाय सर्वांना स्वाभाविक वाटला. परंतु डॉ. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी या काळाचा जो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष उलटा निघाला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. २९ बिबटे सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर नेऊन सोडल्यानंतर ती सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर चढले. अनोळखी मुलखात सोडलेले, बिथरलेले जनावर अधिक घातक होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

आता हा निष्कर्ष गावाला सांगावयाचा कसा? ज्या घरातले मूल गेले आहे त्या घरापुढे उभे राहून, “पिंजरा लावून नेल्याने प्रश्न सुटत नाही,” हे वाक्य उच्चारणे किती कठीण आहे, याची कल्पना शहरातील श्रोत्यांनी करून पाहावी. वाक्य खरे आहे. परंतु ते मोबाइलच्या पडद्यावर रंगीत चौकटीत लिहून आले, आणि खाली एखाद्या संस्थेचे बोधचिन्ह असले, तर वाचणाऱ्याला ते खोटे, किंबहुना निर्दय वाटते. तेच वाक्य जो माणूस रात्री बोलावल्यावर बॅटरी घेऊन आला होता, जखमी शेळीचा पंचनामा होईपर्यंत थांबला होता, त्याच्या तोंडून आले तर लोक निदान ऐकून घेतात. मान्य करतीलच असे नाही. पण ऐकून घेतात.

याहूनही बारीक गोष्ट आहे. बिबट्यापासून जपण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सूचनांत एक सूचना हमखास असते: रात्री एकट्याने शेतात जाऊ नका. सूचना देणारा नागरी मनुष्य असतो. त्याच्या घरी वीज अष्टौप्रहर. शेतीच्या पंपाला मात्र वीज पाळीपाळीने येते, आणि पाळी रात्रीची आली की शेतकऱ्याला पाणी धरावयास रात्रीच जावे लागते. तो हौसेने जात नाही. म्हणजे सूचना बरोबर असूनही ऐकणाऱ्याच्या आयुष्यात तिला जागा नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांतील लोक वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आले: शेतीला दिवसा वीज द्या. हे उत्तर बिबट्याविषयीच्या सूचनेला आहे, हे ज्या संस्थेच्या ध्यानी आले, तिने खरा निरोप ऐकला. मग तो वीज मंडळाच्या कचेरीत आणि मंत्रालयात पोचविणे हे तिचेच काम होते. गावाला शहाणपण सांगणाऱ्या संस्था पुष्कळ. गावाचे शहाणपण कचेरीत सांगणाऱ्या त्या मानाने थोड्या. हा दोष मोबाइलच्या आधीपासूनचा आहे, मोबाइलने तो फक्त स्वस्त करून दिला.

नव्या साधनाचे चांगले रूपही याच उसाच्या फडात दिसते. ऊसतोड चालू असता एखाद्या सरीत बिबट्याची दोन-तीन पिले सापडतात. आई दूर गेलेली असते. तोडकऱ्यांनी पिले हाताळली, गावात नेली, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतली, तर मादी परतल्यावर सैरभैर होते आणि त्या शिवारात फिरणे धोक्याचे होते. हल्ली फडातून वनखात्याला दूरध्वनी जातो. माणिकडोह येथे वनखात्याच्या सहकार्याने ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था २००७ सालापासून बिबट्यांचे निवारा केंद्र चालवीत आली आहे; तेथील पशुवैद्य येतात, पिले तपासतात, आणि सांजवेळी ती एका खोक्यात घालून जेथे सापडली त्याच जागी ठेवतात. जवळ एक स्वयंचलित कॅमेरा लावून माणसे लांब जाऊन बसतात. मादी अंधारात येते, खोक्याभोवती फिरते, एकेक पिलू मानेशी धरून नेते. ही चित्रे पुढे लोकांच्या मोबाइलवर येतात आणि लहान मुले ती पुनःपुन्हा पाहतात. त्यांत उपदेशाचा एक शब्द नसतो. पण पुढल्या वेळी पिलू सापडले की त्याला हात लावावयाचा नाही, एवढे तोडकऱ्यांच्या मनात राहते. शंभर फलकांनी साधले नसते ते यात साधले, आणि त्याचे श्रेय कॅमेऱ्याइतकेच फडातून पहिला दूरध्वनी करणाऱ्या त्या अनामिक तोडकऱ्याला आहे.

चित्राचा दुसरा प्रवासही सांगितला पाहिजे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे काही आठवड्यांच्या अवधीत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू पावली. त्यांत दोन बालके होती. लोकांचा क्षोभ झाला, वनखात्याची गाडी जाळली गेली, हमरस्ता अडविला गेला. त्यानंतर तेथील स्त्रीपुरुष गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागले, आणि त्यांची छायाचित्रे देशभर फिरली. कोणाला ती विचित्र वाटली, कोणाला करमणुकीची. पट्टा चित्रात दिसत होता. तो बांधल्याशिवाय कांद्याची खुरपणी होत नाही, हे दिसत नव्हते. चित्र जितके दूर जाते तितके त्याच्यामागचे दुःख मागे पडते. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी ते चित्र पुढे धाडण्यापूर्वी, की धाडतानाच, त्या शेतातल्या बाईचे दोन शब्द बरोबर धाडावयास हवे होते.

मुंबईत मात्र थोडे निराळे घडले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवताली बिबट्यांवरून असाच कल्लोळ होता. २०११ साली वनखाते, अभ्यासक व नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम आरंभिला. त्यांनी वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना एकत्र बसवून बिबट्याचे वागणे समजावून दिले. उद्यानालगतच्या वसाहतींत बैठका घेतल्या. पुढे बातम्यांचा सूर पालटला. ‘नरभक्षक’ हा शब्द दिसताक्षणी छापण्याची घाई कमी झाली. येथेही काम साधले ते समोरासमोर बसून. इंटरनेटने ते पसरविले.

इंटरनेट काय पसरवू शकते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे होते. मुले पळविणाऱ्यांची आवई व्हॉट्सॲपवरून त्या भागात आधीच पोचलेली होती. त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, असा निर्बंध घातला. निर्बंध योग्य होता. पण पाच माणसे मेली ती संदेशाच्या संख्येमुळे मेली असे म्हणता येईल काय? त्या आठवडी बाजारात डवरी गोसाव्यांना ओळखणारा, आणि त्यांच्याकरिता उभा राहील असा कोणी असता, तर? भटक्या जमातींमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना या प्रश्नाची बोच अद्याप आहे. बिबट्याच्या बाबतीत तर आता कृत्रिम बुद्धीने घडविलेली खोटी छायाचित्रेही फिरू लागली आहेत. जेथे बिबट्या आलाच नाही तेथे तो अंगणात बसलेला दिसतो.

अशा वेळी खरी बातमी लवकर आणि ओळखीच्या आवाजात पोचावी, याचा एक सोपा उपाय पुणे, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पुष्कळ गावांनी अवलंबिला आहे. त्याला ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ म्हणतात. गावकऱ्याने एका ठराविक क्रमांकावर दूरध्वनी करून संकट सांगावे. त्याचेच बोल, त्याच्याच आवाजात, गावातील नोंदलेल्या सर्व मोबाइलवर एकाच वेळी वाजतात. चोर आला, आग लागली, बिबट्या दिसला, पूर चढला, असे हे निरोप. वाचता येणे नको, महागडे यंत्र नको, साधा मोबाइल चालतो. दवंडी पिटणाऱ्याला गावभर हिंडावे लागे. येथे दवंडी घरी येते. आणि सांगणारा कोण हे आवाजावरूनच कळते, म्हणून थापा मारणाऱ्याला चोरून राहता येत नाही.

येथवर गावाशी बोलण्याचा विचार झाला. संस्थेला आणखी एका दिशेने बोलावे लागते, ती दिशा देणगीदाराची. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि हा पैसा २०१४ पासून संस्थांकडे येऊ लागला. पैशाबरोबर हिशेबाची मागणी आली; ती रास्तच आहे. परंतु हिशेब म्हणजे छायाचित्र, अशी एक समजूत हळूहळू रूढ झाली. पाड्यावर जाणारी कार्यकर्ती आता हातात मोबाइल धरून जाते. एका पडद्यावर वीस रकाने भरावयाचे, दुसऱ्यावर स्थळाच्या खुणेसह चित्र काढावयाचे. समोर बसलेली बाळंतीण काही सांगू पाहते, पण तिच्या सांगण्याला रकाना नाही. कार्यकर्तीची नजर पडद्यावर, आणि बाईची नजर कार्यकर्तीच्या बोटांवर. भेट झाली, नोंद झाली, बोलणे राहून गेले. शहरातील कचेरीत मात्र त्या महिन्याचा अहवाल सुबक निघतो.

त्या चित्रातील बाईला आपले चित्र कोठे जाणार हे सांगितले जाते का? कुपोषित मुलाचे उघडे अंग दाखवून मागितलेल्या देणगीची रक्कम मोठी येते, हे सर्व संस्था जाणतात. ते मूल उद्या मोठे होऊन नारायणगावच्या महाविद्यालयात शिकावयास आले आणि तेच चित्र त्याच्या सोबत्याने त्याला दाखविले, तर संस्थेला काय उत्तर देता येईल? २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आणि संमतीवाचून माणसाची माहिती वापरू नये हे तत्त्व कायद्यात उतरले. कायद्याने जे उशिरा सांगितले ते घरंदाज माणूस आधीच जाणतो. दुसऱ्याचे दारिद्र्य वेशीवर टांगावयाचे नसते. एखादा हुशार कार्यवाह म्हणेल की चित्र नसेल तर देणगी नाही, आणि देणगी नसेल तर मुलाला अन्न नाही. त्याची अडचण खरी आहे. पण ती देणगीदाराने समजून घ्यावयाची आहे, मुलाने नव्हे. आणि हे भाषण ऐकणाऱ्या घरांपैकी बरीच घरे देणगीदारांची असतील.

मोबाइल कोणाच्या हाती आहे, हाही प्रश्न आहेच. संस्था गावाचा ‘ग्रुप’ काढते आणि गाव तेथे आहे असे समजते. त्या ग्रुपात पाहिले तर बहुतेक पुरुष. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरावयाचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के आढळल्या. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. स्त्रियांच्या आरोग्यावरील संदेश ज्या मोबाइलवर जातो तो नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात असतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा हे वैगुण्य उघड्यावर आले. त्या वेळी पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांत दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने काय केले ते पाहण्याजोगे आहे. मुलांजवळ मोबाइल नव्हते, म्हणून संस्थेने ध्वनिमुद्रित केलेले धडे ध्वनिवर्धकावर लावून पाड्यापाड्यांत नेले. मुले झाडाखाली बसून ऐकत. ‘बोलकी शाळा’ हे तिचे नाव. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २००८ साली आपले लहानसे नभोवाणी केंद्र काढले, त्यामागेही हीच दृष्टी होती. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला बोलता येते, आणि तिचे बोल तिच्याच शेजारणीने भाकऱ्या थापताना ऐकले तर त्यांचे वजन पडते.

डिंभे धरणाच्या पाण्याने आंबेगाव तालुक्यातील महादेव कोळी लोकांची गावे व भातखाचरे बुडविली. त्या लोकांत ‘शाश्वत’ या संस्थेने वर्षानुवर्षे काम केले. कुसुम कर्णिक व आनंद कपूर हे तिचे अध्वर्यू. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेरीच्या जमिनीवर मूळच्या मालकांना पीक घेता यावे, जलाशयातील मासेमारीचा हक्क त्यांच्या सहकारी सोसायटीला मिळावा, यासाठी सभा, अर्ज, मोर्चे, पुन्हा सभा असे ते काम चालले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक त्याला मिळाले, तेव्हा कोठे पुण्यातील अनेकांना त्याची वार्ता लागली. त्या कामातील निरोप डोंगरवाटेने चालत जात, आणि उत्तर घेऊन परत येत. हे आज व्हॉट्सॲपवर झाले असते तर लवकर झाले असते काय? सभेची तारीख कळविण्यापुरते, होय. पण बुडालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव, भावकीत कोणाचा वाटा, आणि मासेमारीला कोणी उतरावयाचे, या गोष्टी रात्र रात्र बसून मिटवाव्या लागतात. एखाद्याने रागावून ग्रुप सोडला तर त्याच्या घरी जाऊन त्याला परत आणावे लागते.

समोरासमोर बसण्याची गरज आता उरली नाही असे ज्यांना वाटते त्यांनी चैत्रातील यात्रा-जत्रांच्या आधी नारायणगावास एक फेरी मारावी. विठाबाई भाऊ मांग यांचे हे गाव. तमाशाची पंढरी म्हणून त्याची ख्याती. हंगामाच्या तोंडाशी तमाशाचे फड येथे आपल्या राहुट्या टाकतात आणि दूरदूरच्या गावांचे कारभारी जत्रेसाठी फड ठरवावयास येतात. प्रत्येक फडमालकाचा मोबाइल क्रमांक त्यांच्यापाशी असतो. खेळाची चित्रे त्यांनी यूट्यूबवर पाहिलेली असतात. सुपारी दूरध्वनीवर ठरविता आली असती. तरीही कारभारी गाड्या करून येतात, एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जातात, चहा घेतात, मागल्या साली पाऊस आल्यामुळे अर्धा राहिलेल्या खेळाची आठवण करून देतात, घासाघीस करतात, आणि फडमालकाच्या तोंडून तारीख ऐकून, त्याच्या हातावर इसार ठेवून, मगच आपल्या गावाकडे परततात.